शिक्का, संशय आणि समान संधी

एखाद्या व्यक्तीविषयी पुरेशी माहिती नसते, तेव्हा ती ज्या समूहात मोडते त्या समूहाच्या नावावरून तिच्याविषयी मत बनविले जाते. अर्थशास्त्रात याला ‘सांख्यिकीय भेदभाव’ म्हणतात. एडमंड फेल्प्स व केनेथ ॲरो यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी या संकल्पनेची मांडणी केली. समूहाविषयीचा मूळ समजच निराधार असेल आणि त्यावर शासनाची मोहोर उमटलेली असेल, तर अन्याय पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. भारतातील विमुक्त जमातींचा इतिहास याची साक्ष देतो.

कायद्याने लादलेली ओळख

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. प्रारंभी तो उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित झाली की तिच्या सदस्यांची नोंदणी, हजेरी व संचारावरील निर्बंध लागू होत. या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. म्हणजेच व्यक्तीचे कृत्य नव्हे, तर तिचा जन्म हाच पुरावा ठरला.

यामागे आर्थिक परिवर्तनही होते. मद्रास इलाख्यातील कोरवर समाज मीठ व धान्याची ने-आण करीत असे. रेल्वे व मिठाविषयीचे सरकारी धोरण यांमुळे हा व्यवसाय खालावला. उपजीविका गमावलेल्या भटक्या समाजाकडे प्रशासन संशयाने पाहू लागले. सोलापूरसारख्या ठिकाणी अशा जमातींना कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवण्यात आले व तेथील अनेकांना कापड गिरण्यांत कामाला लावण्यात आले.

कायदा गेला, संशय राहिला

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. मात्र अनेक राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे केले. हे कायदे व्यक्तीला लागू असले, तरी जुन्या नोंदींमुळे संशयाची दिशा बदलली नाही. परिसरात चोरी झाली की प्रथम याच वस्त्यांवर चौकशी होते. चौकशी वाढली की नोंदी वाढतात आणि त्या नोंदीच पुढील संशयाला आधार पुरवितात. नोकरी व भाड्याचे घर मिळणे त्यामुळे कठीण होते आणि दारिद्र्य कायम राहते.

असा शिक्का व्यक्तीच्या कामगिरीवरही परिणाम करतो. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ६४२ शाळकरी मुलांवर केलेला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग विमुक्तांविषयी नव्हे, जातीविषयी होता. परंतु त्याचा निष्कर्ष येथेही उद्बोधक आहे. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा कोडी सोडविण्यात उच्च व निम्न मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांत लक्षणीय फरक आढळला नाही. जात सर्वांसमक्ष उच्चारताच निम्न मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली.

उपाययोजनांची दिशा

रेणके आयोगाने २००८ मध्ये, तर इदाते आयोगाने २०१७-१८ मध्ये या समाजांच्या स्थितीचा आढावा घेतला. वर्गीकरणातील विसंगती हा त्यातील कळीचा मुद्दा आहे. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. अनेक समुदाय कोणत्याही सूचीत नाहीत. २०१९ मध्ये केंद्राने विकास व कल्याण मंडळ स्थापन केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘सीड’ योजनेत स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन, आरोग्य विमा, उपजीविका व घरकुल यांसाठी पाच वर्षांकरिता २०० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातीआधारित कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. विमुक्त जमातींच्या सदस्यांना मनमानी अटक होऊ नये, असे निर्देशही पोलिसांना दिले.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ‘गुन्हेगार जमात’ हे नाव दोष गृहीत धरते. ‘विमुक्त’ हे वर्गीकरण झालेल्या वंचनेची दखल घेते. योजनेचा लाभ पोहोचविण्यासाठी समूहाची नोंद हवी. परंतु संशय घेताना, अटक करताना किंवा नोकरी नाकारताना समूहाचे नाव हा आधार होऊ शकत नाही. राज्यघटनेच्या १४ व १५ व्या अनुच्छेदांचा प्रशासकीय व्यवहारातील अर्थ हाच होय.