अंगावरील गांध आणि खाटेंतील ढेकूण

मावळांतील आंबी गांवाच्या आसपास आतां कारखाने व महाविद्यालयें झालीं असून भाड्याच्या खोल्यांत राहणारांची संख्या वाढली आहे. अशा खोलींत सकाळीं उठणाऱ्या विद्यार्थ्याच्या दंडावर तीन-चार गांधी ओळीनें उठलेल्या दिसल्या, तर प्रश्न पडतो : हें काम डांसाचें, पिसवेचें, खरजेचें कीं ढेकणाचें?

उत्तर चुकल्यास त्रास दुहेरी होतो. चाव्यास खरूज समजल्यास सगळें बिऱ्हाड निष्कारण मलम चोळीत बसतें. खरजेस ढेकूण समजल्यास खोलींत विष फवारलें जातें, आणि खरूज मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातच राहते.

त्वचारोगतज्ज्ञ यासाठीं 'डर्मोस्कोप' नांवाचें, हातांत मावणारें, दिवा बसविलेलें भिंग वापरतात. तें कातडी सुमारें १० पट मोठी करून दाखवितें. त्यांतील ध्रुवीकृत प्रकाशामुळें पृष्ठभागावरील चकाकी जाऊन आंतील रंग व रक्तवाहिन्या दिसूं लागतात. खरजेचा किडा कातडींत बोगदा खणून राहतो. बोगद्याच्या टोकाशीं त्याचा पुढील भाग बारीक काळसर त्रिकोणासारखा दिसतो. ही खूण सांपडली कीं खरूज ठरली. ढेकूण मात्र रक्त पिऊन निघून जातो. मागें उरतो तो मधोमध रक्ताचा ठिपका व भोंवतालची लाली. सांवळ्या कातडीवर ही लालीहि स्पष्ट उमटत नाहीं. आणि तसा ठिपका इतर कीटकांच्या दंशांतहि आढळतो. तेव्हां चावा झाला एवढें भिंग सांगूं शकतें. चावणाराचें नांव तें सांगत नाहीं.

शिवाय खाज सुटते ती ढेकणाच्या लाळेमुळें; आणि ती कोणास कांहीं तासांत, कोणास कित्येक दिवसांनीं सुटते, तर कोणास मुळींच सुटत नाहीं. म्हणूनच एकाच खोलींतील दोघांपैकीं एक खाजवून हैराण होतो, आणि दुसरा 'येथें ढेकूण नाहींतच' असें शपथेवर सांगतो!

खरा पुरावा अंथरुणांतच शोधावा लागतो. रात्रीं बत्ती घेऊन गादीची शिवण, खाटेचे सांधे व भिंतीच्या भेगा तपासाव्या. सुमारें ५ मिलिमीटर लांबीचे चपटे तपकिरी कीटक, टाकलेल्या काती, पांढरीं अंडीं व विष्ठेचे काळे ठिपके दिसले, म्हणजे शंका उरत नाहीं. सांपडलेला कीटक चिकटपट्टीवर धरून डॉक्टरांस दाखवावा. त्यानंतर पांघरुणें कढत पाण्यानें धुवून भेगा बुजवाव्या. धान्यांत ठेवावयाच्या विषारी गोळ्या मात्र निजावयाच्या खोलींत कधींहि ठेवूं नयेत. त्यांच्या वायूनें माणसें दगावलीं आहेत. ढेकणाची खाज कांहीं दिवसांत शमते. गेलेला जीव परत येत नाहीं.