वंशावळ मागतो कोण?

१८२६ साली लंडनमध्ये दोन पुस्तके बाहेर पडली. पहिले जॉन बर्क या आयरिश लेखकाचे. ब्रिटनमधल्या लॉर्ड आणि बॅरोनेट घराण्यांचा त्याने वर्णानुक्रमे कोश रचला. ‘बर्क्स पीरेज’ या नावाने तो असा रुजला की इंग्रज सरदारांच्या कुळाची चौकशी आजही बहुधा तिथूनच सुरू होते. दुसरे पुस्तक जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात कंपनी सरकारच्या वतीने कारभार पाहिलेला हा स्कॉटिश अधिकारी. विजापूरच्या चाकरीतली मोठी मराठा घराणी त्याने नोंदवली: जावळीचे मोरे, फलटणचे निंबाळकर, घाटगे, घोरपडे, डफळे, वाडीचे सावंत आणि म्हसवडचे माने. मान्यांच्या वाट्याला मोजक्या ओळी आल्या. नामांकित शिलेदार, पण सूड उगवण्यात शिर्क्यांच्या खालोखाल, असा त्याचा एकूण शेरा.

इंग्रज उमरावांसाठी जाडजूड कोश आणि मान्यांसाठी दोन ओळी, एवढ्यावरून आपल्याकडे वंशावळी ठेवण्याची रीतच नव्हती असा समज होतो. तो चुकीचा आहे. माणगंगेकाठच्या म्हसवड कसब्यातले हे माने देशमुख घराणे आपल्या पिढ्या इंग्रज लॉर्डाइतक्याच जागरूकपणे मोजत होते. मोजण्याचे कारण मात्र निराळे होते. वंशावळ कोणी मागितली आणि कशासाठी, यावर तिच्यात कोण येणार आणि कोण गळणार हे ठरते. म्हसवडचे कागद आणि लंडनचे कोश शेजारी ठेवून वाचले की ही गोष्ट लख्ख दिसते.

थोरला वाड्यात, धाकटा जहाजात

इंग्रजी सरदारकी साधारणपणे थोरल्या मुलाकडे जाते. पदवी एकालाच, आणि वाडा व जमीनही बहुधा तिच्याच मागून. त्यामुळे तिथल्या वंशावळ-तज्ज्ञाचे मुख्य काम म्हणजे बापाकडून थोरल्या लेकाकडे जाणारी एक रेघ न तुटता दाखवणे. ती तुटली तर बाजूची कोणती शाखा सर्वांत जवळची, एवढे शोधायचे. धाकट्यांनी फौज, चर्च, वकिली किंवा कंपनीची नोकरी धरायची.

पेशवाई संपवणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा असाच धाकटा. स्कॉटलंडमधल्या अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा तो चौथा मुलगा. कोवळ्या वयात हिंदुस्थानात आला, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर झाला, पुढे गव्हर्नर जनरलचे पद चालून आले तेही त्याने नाकारले. पण जन्मभर तो लॉर्ड नव्हता. १८५३ मध्ये मुंबईला गव्हर्नर म्हणून आलेला लॉर्ड एल्फिन्स्टन हा त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. कर्तबगारी काकाची, पदवी पुतण्याची.

ग्रँट डफची कथाही अशीच बोलकी आहे. तो जन्मला जेम्स ग्रँट म्हणून. १८२५च्या सुमारास आईच्या घराण्याची ईडनची मालमत्ता त्याच्याकडे आली आणि त्याने ‘डफ’ हे आईकडचे नाव आपल्या नावाला जोडले. म्हणजे मराठा घराण्यांची कुळे लिहून काढणाऱ्याच्या स्वतःच्या नावातच एका वारशाची नोंद होती.

वतनाची तक्षीम

म्हसवड आज सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात येते. महादेवाच्या डोंगररांगेपलीकडचा, पाऊस चुकवणारा हा मुलूख. इथल्या देशमुखाला नुसत्या जमिनीच्या उत्पन्नावर भागवणे अवघडच, म्हणून घोडी बाळगून शिलेदारी करणे ओघाने आले. तरी घराण्याचा पाया देशमुखीचे वतनच. परगण्याचा सारा वसूल करून द्यायचा, उजाड गावे वसवायची, तंट्यात बसायचे. त्याबदल्यात ठरलेले हक्क, इनाम जमिनी आणि मानपान.

ही देशमुखी थोरल्याला मिळून धाकटे रस्त्याला लागले, असे होत नसे. वतनाच्या तक्षिमा पडत. प्रत्येक भावाला आणि त्याच्या लेकरांना वाटा. पण वडीलकी, म्हणजे शिक्का, कागदावर आधी नाव आणि गावकीत पहिला मान, ही थोरल्या शाखेची. त्यामुळे मराठी वंशावळीला दोन प्रश्नांची उत्तरे एकदम द्यावी लागत: वाटेकरी किती, आणि त्यांत वडील कोण?

उत्तर शांतपणे मिळाले तर कागद बनतच नसे. भाऊबंदकी पेटली की वादी आणि प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. करीना मूळपुरुषापासून सुरू होई: अमक्याने गाव वसवले, त्याला तीन लेक, थोरल्याचे नकल झाले म्हणजे वंश खुंटला, मधल्याचे आम्ही. गोतसभा बसे, गावोगावचे पाटील, कुळकर्णी, बलुतेदार साक्ष देत, क्वचित उकळत्या तेलातून रवा काढण्याच्या दिव्यापर्यंत मजल जाई, आणि शेवटी निवाड्याचा महजर होई. जिंकणाऱ्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. एकाच घराण्याच्या दोन करीन्यांत थोरला भाऊ वेगवेगळा असू शकतो, कारण भांडणच त्यावरून होते.

असे कागद वाचताना काही खड्डे नेहमीचे. आजोबाचे नाव नातवाला, त्यामुळे एकाआड एक पिढी त्याच नावाची. ‘बिन’ किंवा ‘वलद’ पुढचे बापाचे नाव सुटले की दोन माणसांचा एक होतो. तारीख सुहूर सनात असेल तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचा. फसलीत ५९०, शकात ७८. आणखी एक खड्डा सर्वांत फसवा. वतनाचा हिस्सा विकत घेणाऱ्याला कागदात भाऊ म्हणून सामावून घेतल्याची उदाहरणे आहेत. अशा ठिकाणी दोन-तीन पिढ्यांनंतर विकत घेतलेला भाऊ आणि पाठचा भाऊ यांत फरक उरत नाही. बर्कच्या कोशात लॉर्डाचा विकत घेतलेला भाऊ सापडणार नाही. आपल्याकडे तो रीतीतच बसतो.

राधाबाईचा भाऊ

म्हसवडचे माने महाराष्ट्राला माहीत आहेत ते एका घटनेमुळे. नागोजी माने काही काळ मोगलांकडे, मग राजाराम महाराजांकडे असे वावरले. त्या धामधुमीत हे एकट्याचे वागणे नव्हते. १६८९ नंतर औरंगजेब मनसबी वाटत होता आणि मराठ्यांच्या बाजूने रामचंद्रपंत अमात्य वतने देऊन माणसे राखत होते. १६९६ मध्ये संताजी घोरपडे यांचे सेनापतिपद गेले आणि ते धनाजी जाधवांकडे आले. या दोघांच्या झगड्यात संताजींनी धनाजींच्या बाजूच्या अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिले. अमृतराव हे नागोजींची पत्नी राधाबाई यांचे भाऊ. भावाच्या मृत्यूचा सूड घ्यावा म्हणून राधाबाईंनीच नवऱ्याला पाठवले, असे परंपरा सांगते.

जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात नागोजींनी संताजींना गाठले. खाफीखानाच्या हकिकतीप्रमाणे संताजी ओढ्यावर अंघोळ करत असताना घाव पडला, आणि ते शीर पुढे बादशहापर्यंत पोचले. स्थानिक परंपरा माण तालुक्यातल्या कारखेलकडे बोट दाखवते.

आता मान्यांची वंशावळ घेऊन या घटनेचे कारण शोधायला बसा. सापडणार नाही. नागोजींचे वडील, आजोबा, लेक, पुतणे सगळे असतील. राधाबाई नसतील, अमृतराव तर नाहीतच. वतनाच्या वाट्यात सुनेला जागा नव्हती, म्हणून झाडावर तिला फांदी नाही. घराण्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग सोयरिकीतून घडला आणि वंशावळीने त्याची दखल घेतली नाही. इंग्रजी कोशात मुलगी कोणाला दिली ते निदान लिहिलेले असते, कारण हुंडा आणि मालमत्तेचे करार लग्नाला बांधलेले असत. आपल्याकडे हे दुवे अन्यत्र धुंडाळावे लागतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाने येऊन स्वतः नावे लिहिलेली असतात. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी येतो. सुगीनंतर दारात बसून तो घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो.

डलहौसीचे नकल

कंपनी सरकार आले आणि वंशावळ मागणारा बदलला. १८५२च्या ११व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. सनद दाखवा, मूळ इनामदारापासून आपल्यापर्यंतच्या पिढ्या दाखवा, नाहीतर जमिनीवर सारा बसेल. घरोघरचे रुमाल सुटले. त्या वेळी जमा झालेल्या कागदांचा मोठा साठा आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची पहिली नीटस वंशावळ या धास्तीतून तयार झाली. १८७४च्या वतन कायद्याने कलेक्टरला प्रातिनिधिक वतनदार ठरवून नोंदवायला सांगितले. भावाभावांत पसरलेल्या झाडातून सरकारला कामापुरता एक माणूस हवा होता.

दत्तकाचा प्रश्न याहून जिव्हारी लागला. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीने तो मानला नाही आणि राज्य खालसा केले. धर्मशास्त्राने दत्तक हा पुरता पुत्र. इंग्रजी सरदारकीत दत्तकाला पदवी मिळत नाही. खजिन्याचा लोभ होताच, पण रक्ताची रेघ हीच खरी मानणाऱ्या त्या रिवाजात वाढलेल्यांना हा नकार सोपा गेला असणार.

पुढे काय झाले? दहावा अर्ल ऑफ डलहौसी १८४९ मध्ये पंजाब जिंकल्याबद्दल मार्क्वेस झाला. त्याला दोन मुली, मुलगा नाही. १८६० मध्ये तो गेला तेव्हा अर्लपद चुलत शाखेकडे वळले आणि मार्क्वेसपद संपले. म्हसवडच्या एखाद्या कारकुनाने करीना लिहिला असता तर तिथे एकच शब्द टाकला असता: नकल.

थोर पूर्वजांची हौस

जिथे वंशावळीला किंमत तिथे बनावट आलीच. अर्ल ऑफ डेन्बीच्या फील्डिंग घराण्याने आपण ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजवंशातले, असे पिढ्यान्‌पिढ्या मिरवले. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. होरेस राउंड या संशोधकाने त्यामागचे कागदच खोटे ठरवले. त्याआधी १८७७ मध्ये इतिहासकार फ्रीमनने बर्कच्या कोशातल्या दंतकथांवर कडक टीका केली होती. खुद्द विज्ञानानेही यात हात घातला. १६८३ पासूनच्या प्रिंगल बॅरोनेटपदाचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने २०१६ मध्ये डीएनए पुरावा ग्राह्य धरून निकाली काढला, आणि कागदावरची रेघ रक्ताने खोडली.

आपल्याकडची हौस राजपुतान्याकडे वळते. मुधोळच्या घोरपड्यांचा इतिहास दत्तात्रेय विष्णू आपटे यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली फर्माने हे घराणे चितोडच्या सिसोदियांशी जोडतात, आणि त्यांच्या अस्सलपणावर इतिहासकारांत वाद झाला. तंजावरच्या भोसल्यांनी तर आपला वंश दगडावर कोरला. १८०३ मध्ये सरफोजी राजांनी बृहदीश्वराच्या मंदिरात खोदवून घेतलेला हा मराठी शिलालेख देशातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत गणला जातो. आरंभाचा भाग पुराणकथेत मिसळलेला आणि अलीकडचा भाग मौल्यवान, अशीच त्याची घडण आहे. आडनावेही सरळ नसतात. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार म्हणवतात, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळे चव्हाण, डफळापूरवरून डफळे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे आडनाव वेलस्ली, तसाच हा प्रकार.

म्हणून मूळपुरुषापासून खाली उतरू नये. आपल्यापासून वर चढावे, प्रत्येक पायरीला एक कागद मागावा, आणि कागद संपला की थांबावे.

आजचा मागणारा

१ मे १९५१ रोजी परगणा वतने कायद्याने संपली. ब्रिटनमध्ये १९९९च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत लॉर्डांचा सभागृहातला हक्क गेला, त्या वेळी ९२ जणांची सोय तेवढी ठेवली. हक्क गेल्यावर मानपान टिकतात. म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो, तेव्हा मान्यांच्या, म्हणजे राजेमाने घराण्याचा मान आजही पाळला जातो. दप्तरात मिटलेली वडीलकी चांगभल्याच्या गजरात दरसाल उभी राहते.

आणि कचेरीतही वंशावळ पुन्हा आली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जातीच्या दाखल्यांसाठी मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. गाव नमुना १४, कोतवाल बुक, शाळेचे दाखले बाहेर निघाले, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. ज्या मुलखात पणजोबा देशमुख असल्याचे सिद्ध करायचे होते, तिथे आता तो कुणबी लिहिला आहे का ते पाहिले जाते. माणूस तोच, प्रश्न बदलला.

याच्या शेजारी दुसरी खिडकी आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वारसा कायदा बदलून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. त्यामुळे तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी जाणाऱ्या वंशावळीत आता बहिणी असाव्याच लागतात. जातीच्या दाखल्यासाठी मात्र बापाकडचीच रेघ चालते. एकाच घरातून, एकाच वर्षी, दोन वेगळी झाडे सरकारदरबारी जातात: एकात आत्या असाव्याच लागतात, दुसऱ्यात त्यांच्यावाचून भागते. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही अपुरी. राधाबाईंना ज्या प्रश्नाने वगळले तोच प्रश्न जातीच्या खिडकीत अजून विचारला जातो. वारसाच्या खिडकीने तो बदलायला तीनशे वर्षे घेतली.