टिचकीसरशी पडला पाहिजे!

‘पडेल असे कर’ म्हणून आजवर कुणी सुताराला काम सांगितले असेल, असे मला वाटत नाही. आमच्या मिस्त्रींना मी तसे सांगितले, तेव्हा त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, ती पुन्हा कानावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “अण्णा, पडायचंच असंल तर मला कशाला बोलावलासा? पोरंबी करतील की!”

काम कुत्र्यासाठी होते, हे ऐकल्यावर तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, निवृत्तीनंतर माणसांचे काय काय होते, याचा त्यांना उलगडा झाला असावा.

चिंगी आमच्याकडे आली ती एका पावसाळ्यात, मागचा पाय ओढत. जात शुद्ध गावठी, रंग विटकरी, वजन चौदा किलो. कुठल्याशा मोटारसायकलीचा धक्का बसलेला होता. पाय दीड महिन्यात धड झाला. मन मात्र झाले नाही. बादलीची कडी वाजली की ही पलंगाखाली. दारावर कुणी थाप मारली की पलंगाखाली. एकदा कुकरच्या शिट्टीने गेली ती रात्री जेवायलासुद्धा बाहेर आली नाही. पशुवैद्यांनी पाय दाबून, वाकवून पाहिला आणि म्हणाले, “पायाला आता काही नाही. हिला पळवा, उड्या मारू द्या, काहीतरी जमतंय असं तिला वाटू द्या.” सांगायला सोपे! सांगलीच्या रस्त्यांवर मोटारींच्या भोंग्यांमधून या भित्र्या जिवाला पळवायचे कुठे? उरले आमचे परस: चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद, एका कोपऱ्यात शेवगा आणि दुसऱ्यात धुण्याचा दगड.

माझी एक पुतणी इंग्लंडात असते. तिने फोनवर सुचवले, “काका, तिच्यासाठी ॲजिलिटीचं सामान घरीच का करत नाही?” हा शब्द तेव्हा मलाही नवाच होता.

हा खेळ फार जुना नाही. इंग्लंडात क्रफ्ट्स नावाचे कुत्र्यांचे मोठे प्रदर्शन भरते. 1978 साली तिथे मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांना गुंतवून ठेवायला काहीतरी हवे होते. प्रदर्शनाच्या समितीवरचे जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या श्वानप्रशिक्षकाला गाठले आणि दोघांनी घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून कुत्र्यांची शर्यत बेतली. वेळ घालवायला काढलेला हा प्रकार लोकांना इतका आवडला की दोनच वर्षांत, 1980 साली, तिथल्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. आज जगभर त्याच्या स्पर्धा होतात. उडीचे अडथळे, बोगदा, उंचावरची अरुंद फळी, सी-सॉ, आणि बारा खांबांमधून नागमोडी धावणे. मालक बाजूने पळत हातवारे करतो आणि कुत्रे चुका न करता, वेळेत सारे पार करते. आम्हाला स्पर्धा नको होती. पण सामानाची मापे तीच घ्यावीत असे ठरवले, कारण त्या मापांमागे बऱ्याच कुत्र्यांच्या हाडांचा अनुभव आहे.

आता पडण्याची गोष्ट.

आपल्याकडे हौशी माणूस अडथळा करायचा म्हणजे दोन खांब पुरतो आणि वर बांबू करकचून बांधतो. घोटीव काम! आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आपल्या दांडग्या अल्सेशियनसाठी असाच लोखंडी नळ्यांचा, वेल्डिंग केलेला अडथळा करवून घेतला होता. कुत्रे आठवडाभर ऐटीत उड्या मारी. एके दिवशी पहाटे गवत दवाने ओले होते, उडी अर्धा वीत कमी पडली आणि पुढचा पाय दांडीत अडकून मोडला. दांडी जागची हलली नाही. कुत्र्याचे हाड आणि दांडी यांच्यात एकाने हार मानायचीच असते. ती दांडीने मानावी, एवढ्यासाठी सारी रचना. म्हणून स्पर्धेच्या नियमांतही दांडी सुटी असते, नुसता धक्का लागला तरी खाली येते.

आमचा अडथळा पाण्याच्या एक इंची पीव्हीसी पाइपचा आहे. सहा मीटरच्या एका लांबीत एक अडथळा बसतो, तो असा: उडीची दांडी 120 सेंटिमीटर, खाली जमिनीलगत दोन्ही बाजू जोडणारी आडवी नळी 120, दोन उभे खांब प्रत्येकी 75, पायांचे चार तुकडे प्रत्येकी 30 आणि पाय व आडवी नळी यांच्यामधले दोन बोटभर तुकडे. एकूण 520; वर 80 सेंटिमीटर उरतात, ते सौभाग्यवतींनी भोपळ्याच्या वेलाला आधार म्हणून नेले. चार टी, पायांच्या टोकांना चार टोप्या, एवढेच जोडकाम. सोल्युशन लावू नये. नुसते दाबून बसवले तरी चालते आणि पावसाळ्यात सोडवून माळ्यावर टाकता येते. खालची आडवी नळी नुसती जोडण्यापुरती नाही. उडी कुठून घ्यायची याचा अंदाज कुत्रे जमिनीवरच्या रेषेवरून बांधते.

खरी मख्खी आहे ती दांडी टेकवण्याच्या खाचेत. सवा इंची पाइपचा तीन बोटे लांबीचा तुकडा घ्यावा, तो उभा चिरावा आणि ती पन्हळ खांबाच्या आतल्या अंगाला आडवी बसवावी. तिच्या कडा तासून इतक्या उथळ कराव्यात की दांडी जेमतेम टेकून राहील. स्क्रूचे डोके वर राहता कामा नये. मग परीक्षा: दांडीला समोरून एक टिचकी मारायची, मागून एक टिचकी मारायची. दोन्ही वेळा ती पडली पाहिजे. मिस्त्रींनी पहिली खाच केली ती अर्थातच खोल आणि देखणी. टिचकीने काही होईना. त्यांचा चेहरा खुलला. मी म्हटले, “मिस्त्री, हेच नको.” मग त्यांना अल्सेशियनचा पाय कसा मोडला ते सांगितले. ते काही बोलले नाहीत. कानस घेऊन बसले आणि अर्ध्या तासाने स्वतःच टिचकी मारून दांडी पाडून दाखवली. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ते हा प्रयोग करून दाखवीत.

उंची किती? स्पर्धेत कुत्र्याच्या खांद्याची उंची मोजून गट पाडतात. युरोपातल्या एफसीआय या संघटनेच्या नियमांत सर्वांत लहान गटाला 25 ते 30 सेंटिमीटर आणि सर्वांत मोठ्या गटाला 55 ते 60. चिंगी याहून पुष्कळ उडू शकते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी पाहिले आहे. तरी आम्ही 30 च्या वर जात नाही. आणि पिल्लाला तर दांडी जमिनीवर ठेवूनच ओलांडायला शिकवावी. हाडांच्या टोकांशी वाढीची कोवळी पट्टी असते, ती पक्की व्हायला वर्ष-सव्वा वर्ष लागते. थोराड जातींना दीड वर्षही. तोवर उडी नको म्हणजे नको.

बोगद्याला सांगलीत सामानाची ददात नाही. उसाच्या शेतांना पाणी देणारा काळा, लवचीक पाइप इथे कुठेही मिळतो. बोगद्याचा व्यास 60 सेंटिमीटर लागतो, म्हणजे एका कड्याला साधारण 1 मीटर 88 सेंटिमीटर. अशी दहा कडी करून त्यांवर ताडपत्री शिवून घेतली. कडी बाहेरून आणि ताडपत्री आतून, कारण आतला भाग गुळगुळीत हवा. दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या टेकवल्या नाहीत तर आत शिरलेल्या कुत्र्यासह बोगदा लोळतो, आणि एकदा असा लोळला की कुत्रे पुन्हा आत पाऊल टाकत नाही. सुरुवातीला तो आवळून हातभरच करावा, पलीकडच्या तोंडाशी आपण बसावे. चिंगीला हे काम शिकवावे लागलेच नाही. पलंगाखालचा अनुभव दांडगा होता.

फळ्यांच्या बाबतीत मात्र मिस्त्रींचे मूळचे तत्त्वज्ञान योग्य ठरले. तिथे काही म्हणजे काही हलता कामा नये. फळी 30 सेंटिमीटर रुंद. स्पर्धेत ती 120 सेंटिमीटरहूनही उंच असते, आमची गुडघ्याच्याही खाली आहे. पायाखाली घसरू नये म्हणून शेवटच्या हाताच्या रंगात बारीक चाळलेली वाळू मिसळली. उतरत्या टोकाचा 90 सेंटिमीटर भाग वेगळ्या रंगाचा; कुत्र्याने त्यावर पाऊल ठेवूनच उतरायचे, म्हणजे ते वरूनच झेप घेऊन सांधे दुखावून घेत नाही. रंगाविषयी सांगायचे तर, आपण हौसेने लाल लावतो, तो कुत्र्याला हिरव्या गवतावर उठून दिसत नाही. त्याला निळा आणि पिवळा चांगला कळतो. आमचे परस त्यामुळे एखाद्या बालवाडीसारखे दिसते. शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारलेच, “नातवंडं येणार आहेत वाटतं?”

एक बिनखर्ची साधन मध्येच सांगून टाकतो. घरातली शिडी जमिनीवर आडवी ठेवावी आणि कुत्र्याला पायऱ्यांमधून सावकाश चालवावे. कुत्र्याला पुढच्या पायांची चांगली जाणीव असते; मागचे पाय आपल्याच मालकीचे आहेत, हे बऱ्याच कुत्र्यांच्या ध्यानात नसते. शिडीवर ते येते. ज्या पायावर मोटारसायकल आदळली होती तो चिंगी जपून, मोजून टाकू लागली ती इथे.

आणि आता सी-सॉ. सगळ्या सामानात हा एक जिन्नस असा की तो हललाही पाहिजे, पण हळू. बाजारातला प्लाय आठ फुटी येतो, म्हणून जोड न देता निघेल तेवढीच आठ फुटांची फळी घेतली आणि ती लवू नये म्हणून खालून दोन पट्ट्या मारल्या. मधल्या सांध्याला लोखंडी नळी. बैठकीचे पाय फळीपेक्षा पुष्कळ फाकलेले, म्हणजे ती कडेला कलंडत नाही. सांध्याच्या फटीत बोट अथवा पंजा शिरणार नाही, हे हात घालून पाहावे. फळीच्या दोन्ही टोकांखाली जुन्या टायरचे तुकडे खिळवले. स्पर्धेत फळीची परीक्षा एक किलोचे वजन ठेवून घेतात. फळी सावकाश टेकली पाहिजे, धाडकन आपटता कामा नये.

कारण प्रश्न आवाजाचा असतो. धीट कुत्रेसुद्धा पायाखालची फळी अचानक खाली जाऊन आपटली की बिथरते. चिंगी तर बादलीच्या कडीला भिणारी! इथे चुकले असते तर अडथळे, बोगदा, सारेच गेले असते. परसाकडे ती फिरकली नसती. म्हणून सी-सॉ तयार होऊनही तो दोन महिने कोपऱ्यात उभा होता. आधी नुसती फळी गोणपाटावर ठेवली. मग तिच्याखाली दोन इंची पाइपचा तुकडा सरकवला, म्हणजे ती दोन बोटे हलते. दुसरीकडे मी परसाच्या पार टोकाला जाऊन फळीवर फळी हलकेच वाजवी, आणि त्याच क्षणी सौभाग्यवती चिंगीपुढे उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकीत. आवाज, तुकडा, आवाज, तुकडा. रोज पाच मिनिटे, जास्त नाही. दर चार-सहा दिवसांनी मी दोन पावले पुढे. मार्गशीर्षात आरंभ केला होता. होळी झाल्यावर एका सकाळी मी पायरीवर चहा घेत बसलो होतो. चिंगी एकटीच सी-सॉपाशी गेली, उचललेल्या टोकावर तिने पुढचे दोन पाय ठेवले आणि फळी दाबून ठक्‌ करून आपटली. मग माझ्याकडे पाहिले. तुकड्यासाठीच पाहिले, यात शंका नाही. पण आवाज तिने स्वतः केला होता. त्या दिवशी अख्खे अंडे दिले.

फटाक्यांना ती भ्यायची थांबली, असे मात्र मी म्हणणार नाही. दिवाळीचे चार दिवस मुक्काम अजून पलंगाखालीच असतो, आणि ते चार दिवस आम्ही सामानाला हात लावत नाही.

बाकी पथ्ये थोडी. शहाबादी फरशीवर उडी कधीही नको. माती किंवा गवतच हवे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते निवते. तेव्हा उन्हाळ्यात सूर्य वर येण्याच्या आत खेळ आटोपावा. आणि आमच्या भागातल्या लोकांना मुद्दाम सांगायचे ते हे: तासगावचा बेदाणा इथे प्रत्येकाच्या खिशात असतो आणि बक्षीस म्हणून तोच पुढे करण्याचा मोह होतो. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. थोडेदेखील देऊ नयेत.

राहिले नागमोडी खांब. 60-60 सेंटिमीटरवर बारा खांब म्हणजे 6 मीटर 60 सेंटिमीटर लांबीची रांग. परसात नेमकी बसते. जमिनीत सळ्या ठोकून त्यांवर पाइप चढवायचे. खेळ संपल्यावर सळ्या आठवणीने उपटाव्यात, उघडी सळई म्हणजे अंधारात भालाच. शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डावीकडे यावा लागतो, आणि एकही खांब चुकवून चालत नाही. हे सर्वांत अवघड काम आहे. चिंगीची मजल सध्या सहा खांबांपर्यंत आली आहे. उरलेले सहा पाइप भिंतीला टेकून ठेवले होते. त्यांवर आडव्या काठ्या बांधून सौभाग्यवतींनी साड्या वाळत घातल्या आहेत. चिंगी सातव्या खांबापर्यंत पोचली की मागून घेईन म्हणतो.