पावणेदोन भाकरी आणि गणिताचं प्रशिक्षण



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर पोलादपूरच्या बाजूच्या एका शिक्षिकेनं आम्हाला गाठलं. म्हणाल्या, "सर, आमची इतकी प्रशिक्षणं होतात. त्यातून मुलांचं गणित सुधारतं का?" आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, गणित नव्हे. तेव्हा आमचा अधिकार बेताचाच. पण एखादी गोष्ट 'येते' म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न तर आमच्याच दुकानातला आहे. म्हणून आज त्यावर बोलू.

व्यवस्था तुम्हाला ठाऊक आहेच. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, तिच्याखाली जिल्ह्याची 'डाएट', मग तालुक्याचं गटसाधन केंद्र, आणि शेवटी केंद्रप्रमुखांच्या दहा-बारा शाळा. आपल्या रायगडची डाएट पनवेलला, म्हणजे इथून शंभराहून अधिक किलोमीटरवर. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षणाची संधी मिळावी असं म्हटलं आहे. दिवसाचे सहा तास धरले तर आठ दिवसांहून जास्त.

आता हे आठ दिवस कुठून येतात ते बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 पर्यंत मुलं असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. सावित्रीच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर 60 मुलं कुठली? दोनातला एक प्रशिक्षणाला गेला की उरलेला एकटा सगळे वर्ग सांभाळतो. सांभाळतो म्हणजे शिकवतो असं नाही, बरं का! सरकार प्रवासभत्ता देईल, पण त्या दिवसाची खरी किंमत वाडीवरची मुलं मोजतात. त्यामुळे त्या दिवसात शिक्षकाला काय मिळालं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

बहुतेक वेळा मिळतं ते साहित्य आणि पद्धत. गणित पेटी, मणीमाळ, दशकाचे दांडे. साहित्य चांगलंच आहे, आमची तक्रार नाही. पण पुण्यात सांगितलेली गोष्ट पनवेलमार्गे पोलादपूरला पोचेपर्यंत कृती उरते आणि कारण गळून जातं.

कारण गळालं की काय होतं, याचं उदाहरण 2019 साली सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं आणि केवढा गदारोळ झाला! विधिमंडळात थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर समजावून सांगत राहिल्या. मुद्दा साधा होता. आपण 27 लिहिताना आधी दोन लिहितो आणि बोलताना आधी सात बोलतो. कानाला 'सत्ता' आधी ऐकू येतं, म्हणून मूल 72 लिहितं. ते मूल मंद नाही, ते ऐकल्याबरहुकूम लिहितंय. (जर्मन ग्रंथ वाचताना आमचीही अशीच फजिती व्हायची, त्यांच्याकडेही सात आधी.) एकोणतीसची तर आणखी गंमत. त्यात नऊही नाही आणि वीसही नाही. नवीन नावं ठेवावीत की नाही, यावर मतभेद असू शकतात. आम्हाला स्वतःला जुनी नावं सोडवत नाहीत. पण मूल 72 का लिहितं, हे न कळता केलेला वाद दोन्ही बाजूंनी फुकाचाच.

लिपिंग मा नावाच्या विदुषीचं 1999 चं एक पुस्तक आहे. त्यांनी अमेरिकेतल्या 23 आणि चीनमधल्या 72 प्राथमिक शिक्षकांना विचारलं, पावणेदोन भागिले अर्धा किती? आणि त्यावर मुलांना सांगण्याजोगी एक गोष्ट तयार करा. चीनच्या सगळ्यांना उत्तर आलं. अमेरिकेतल्या निम्म्यांनाही ते नीट आलं नाही, आणि अर्थाला धरून गोष्ट तर एकालाच जमली. पुष्कळांनी अर्ध्यानं भागायच्या ऐवजी दोघांत वाटलं.

आपण भाकरी घेऊ. पावणेदोन भाकऱ्या आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची, तर किती जणांना पुरेल? तिघांना अर्धी-अर्धी दिली, दीड संपली. उरली चतकोर. आता हुशार मूल म्हणेल, "तीन आणि पाव, म्हणजे सव्वातीन." पुस्तकात उत्तर साडेतीन. आपल्या जुन्या पाढ्यांतलं औट! इथे शिक्षक काय करतो, त्यावर सगळं आहे. 'चूक' म्हणून तो अपूर्णांक उलटा करून गुणायला लावू शकतो. किंवा विचारू शकतो, "पाव कशाचा? भाकरीचा की वाट्याचा?" चतकोर ही भाकरीची पाव आहे, पण वाट्याची निम्मी आहे. मुलानं मोजलं बरोबर, फक्त मध्येच एकक बदललं. हा प्रश्न सुचायला पदवी लागत नाही. चीनच्या त्या शिक्षकांचं औपचारिक शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमीच होतं. पण ते शाळेत एकत्र बसून पाठ्यपुस्तकाचा कीस पाडत, एकमेकांना विचारत.

आणि अशी बसायची जागा आपल्याकडे आहे! केंद्राची शिक्षण परिषद. तिला पनवेल गाठावं लागत नाही, त्याच खोऱ्यातले शिक्षक जमतात. फक्त तिचा पुष्कळसा वेळ परिपत्रकं, माहितीचे तक्ते आणि ऑनलाइन नोंदी खातात. शिक्षक तरी काय करणार, वरून मागितलेलं द्यावंच लागतं.

तर त्या बाईंना आमचं उत्तर असं. पुढच्या परिषदेला जाताना गणिताच्या तीन वह्या घेऊन जा, चुकलेल्या. समजा एकीत 34 अधिक 28 बरोबर 512 लिहिलंय. ती सगळ्यांसमोर ठेवा आणि 'कसं शिकवायचं' हे नंतर, आधी 'या मुलानं काय विचार केला असेल' एवढंच विचारा. त्यासाठी तासभर मागून घ्या. केंद्रप्रमुख तक्ते आधी भरून घेऊ म्हणाले, तर तक्ते घरून भरून न्या.