काळा माठ, लाल माठ

ऊन तापायला लागलं की अकोल्याच्या बाजारात माठ रचलेले दिसतात. काही लाल, काही कुळकुळीत काळे. काळ्याला रंग फासलेला नसतो. भट्टीत हवा खेळती असली की मातीतल्या लोहामुळे माठ लाल होतो, धूर आतच कोंडला की तोच माठ काळा निघतो.

एवढ्याशा गमकावर अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या कुंभारांनी कमाल केली. लेकिथॉस म्हणजे त्यांची तेलाची कुपी, अरुंद गळ्याची, एका कानाची. आपल्या बुधलीची देखणी बहीण म्हणा. तिच्यावर ते वस्त्रगाळ मातीच्या घोळाने चित्रं काढत. भट्टीत आधी हवा सोडायची, सगळं लाल. मग झरोके बंद करून ओली लाकडं सारायची, सगळं काळं. मग पुन्हा हवा. कुपीचं अंग परत लाल होई. घोळाचा थर मात्र तोवर काचेसारखा घट्ट झालेला असे, त्यात हवा शिरतच नसे. तो काळाच राही. मयतासोबत ठेवायच्या काही कुप्यांत तर गळ्याखाली लहानशी वाटी दडवलेली सापडते. घोटभर तेलात कुपी काठोकाठ भरलेली दिसे! दुःखातही हिशेब चुकलेला नाही.

आपल्याकडे चांदूर बाजार तालुक्यातल्या तुळजापूर गढीला 1984-85 मध्ये उत्खनन झालं आणि ताम्रपाषाणयुगातली वस्ती उजेडात आली. त्या युगातली जोर्वे भांडी लाल, वर काळ्या रेघांची नक्षी. टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात. ग्रीक कुपीहून ती शेकडो वर्षांनी थोरली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला लहान मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून पुरत आणि जवळ तोटीचं भांडं नि वाडगा ठेवत. तेल नसेल, पण सोबत भांडं द्यायची माया तीच.

रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण ज्या कौंडिण्यपूरला जातो, तिथे 1960 नंतरच्या उत्खननात काळी-तांबडी भांडी निघाली: आतून नि काठाला काळी, बाहेरून तांबडी. भांडं भुशात उपडं घालून भाजलं की आत हवा पोचत नाही, असं त्याचं कारण सांगतात. म्हणजे एकाच आचेत दोन रंग वऱ्हाडालाही ठाऊक होते.

गावच्या पांढरीची माती ट्रॅक्टरने शेतात नेताना असं दुरंगी खापर दिसलं, तर फावडं थांबवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.