गर्भाचा निरोप

जनावर फळवून आणले की शेतकरी बोटांवर दिवस मोजू लागतो. २१ दिवसांच्या सुमारास गाय, शेळी किंवा डुकरीण पुन्हा माजावर आली, तर "उलटली!" म्हणतो, नाही आली, तर गाभण समजतो. हिशेब बरोबर आहे. पण पोटात गर्भ आहे, हे त्या जनावराच्या शरीराला कळते कसे? गर्भाला ते स्वतः कळवावे लागते, आणि तेही ठरल्या वेळेत, बरं का!

डुकरिणीचेच उदाहरण घेऊ. नाव काढताच काहीजण नाक मुरडतील, पण गोव्यात 'आगोंदा गोवन' नावाची डुकराची देशी जातच आहे.

माजानंतर बीजकोशावर, जिथून अंडी सुटली तिथे, गाठी तयार होतात. त्यांना पीतपिंड म्हणतात. त्यांच्यातून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनवर गर्भ टिकतो. गर्भ नसेल, तर १५-१६ व्या दिवशी गर्भाशयाने रक्तात सोडलेले प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य बीजकोशाशी पोचते, पीतपिंड विरतात आणि माज परत येतो.

आणि गर्भ असला तर? दहाव्या दिवशी तो हरभऱ्याएवढा गोल असतो. बाराव्या दिवसाच्या सुमारास, अवघ्या काही तासांत, त्याचा १० सेंटिमीटरहून लांब दोरा होतो. याच वेळी तो इस्ट्रोजेन स्रवतो. हाच त्याचा निरोप. निरोप पोचला, तरी गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन करायचे थांबत नाही; ते रक्तात न सोडता आपल्याच पोकळीत कोंडून ठेवते. पाटाचे पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवावे, तसे. अमेरिकेतील बेझर व थॅचर यांनी १९७७ साली हा विचार मांडला. पुढे २०१९ मध्ये इस्ट्रोजेन करूच न शकणारे गर्भ मुद्दाम घडवून पाहिले. पीतपिंड टिकले, पण महिन्याच्या आसपास गर्भ गेले. म्हणजे निरोप एकट्या इस्ट्रोजेनचा नाही, पण त्याच्यावाचून निभावतही नाही.

शेळीला किंवा गायीला एक गर्भ पुरतो. त्यांच्याकडे निरोप जातो तो इंटरफेरॉन नावाच्या प्रथिनाचा. डुकरिणीला मात्र एकट्या-दुकट्याचा आवाज पुरत नाही. पोल्ज, रॉसन आणि चांग यांनी १९६६ साली गर्भांची संख्या मुद्दाम कमी करून हे तपासले. गर्भाशयाची दोन्ही शिंगे व्यापायला सुरुवातीला साधारण चार तरी गर्भ लागतात. नाहीतर ती बहुधा उलटतेच.

म्हणून फळवल्याची तारीख लिहून ठेवा. २१ दिवसांच्या आसपास उलटली, तर गर्भ धरलाच नाही किंवा फार थोडे धरले. २५ दिवसांनंतर उलटली, तर निरोप बहुधा पोचला होता, गर्भ मागाहून गेले. तेव्हा नराला दोष देण्याआधी मधल्या दिवसांत काय घडले ते आठवा. गाडीत घालून बाजारला नेली होती? अनोळखी कळपात सोडली, मारामारी झाली? छत्रपती संभाजीनगरकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो; तेव्हा पत्र्याखाली कोंडली होती? डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. चिखलात लोळून ते अंग थंड करते. त्याला सावली आणि पाणी हवेच. सारे सुखरूप पार पडले, तर लिहिलेल्या तारखेपासून सुमारे ११४ दिवसांनी, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी, ती विते.