सप्लायर किती जुना आहे, की किती पारखलेला आहे?



एक प्रश्न स्वतःला विचारा. उद्या सकाळी तुमच्या मुख्य सप्लायरच्या शेडला आग लागली, तर तुमचं काम किती दिवस चालेल? आणि मदतीला कोण धावून येईल?

टोयोटावर ही वेळ खरंच आली होती. १ फेब्रुवारी १९९७, शनिवारची पहाट. जपानमधल्या कारिया इथे आयसिन सेकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा ‘पी-व्हॉल्व्ह’ बनायचा. पार्ट छोटासा, पण टोयोटा तो जवळजवळ सगळा आयसिनकडूनच घ्यायची. हातात स्टॉकही फारसा नव्हता. काही दिवसांतच टोयोटाचे बहुतेक प्लांट थांबले.

मग काय झालं? आयसिनने ड्रॉइंग्ज इतरांना दिली. लहान-मोठ्या मिळून सुमारे २०० कंपन्या कामाला लागल्या. त्यात शिलाई मशीन बनवणारी ब्रदरसुद्धा होती. भाव काय, पेमेंट कधी, यावर कुणी अडून बसलं नाही. पहिले व्हॉल्व्ह तीन-चार दिवसांत आले आणि साधारण आठवड्याभरात बहुतेक प्लांट पुन्हा सुरू झाले.

आता नीट बघा. व्हॉल्व्ह बनवण्याचा अनुभव यातल्या बहुतेकांना नव्हता. अनुभव होता तो एकमेकांसोबत काम करण्याचा. अडचण लपवायची नाही, सोबत बसून सोडवायची, ही सवय वर्षानुवर्षांची होती. ‘आपले पैसे बुडणार नाहीत’ हा विश्वासही त्यातूनच आला.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. इतका जुना विश्वास होता, म्हणूनच सगळा माल एकाच ठिकाणाहून यायचा. अनुभव आपल्याला निर्धास्त करतो, आणि धोका तिथेच असतो.

मग तुम्ही काय करायचं?

१. वही ठेवा. प्रत्येक सप्लायरची डिलिव्हरी किती उशिरा आली, रिजेक्शन किती, तक्रारीवर त्याने काय केलं, हे लिहा. ‘आमचे दहा वर्षांचे संबंध आहेत’ हा रेकॉर्ड नव्हे.

२. नव्या सप्लायरला आधी छोटी ऑर्डर द्या. माल चुकला तर तो फोन उचलतो का, ते बघा. खरी ओळख तिथेच पटते.

३. महत्त्वाच्या मालासाठी दुसरा सप्लायर तयार ठेवा. त्याला वर्षभर थोडं का होईना, काम देत राहा. नुसता नंबर सेव्ह करून भागत नाही.

४. अनुभव एकाच माणसाच्या डोक्यात ठेवू नका. तुमचा जुना परचेसवाला उद्या नोकरी सोडून गेला, तर त्याच्यासोबत सगळी माहितीही जाते.

५. पेमेंट वेळेवर करा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक लक्षात घ्या: तुम्ही सप्लायरला पारखता, तसा तोही तुम्हाला पारखत असतो. प्रत्येक वेळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ ऐकलेला माणूस तुमच्या अडचणीत रात्रपाळी कशाला लावेल?

या आठवड्यात एवढंच करा: तुमचे पहिले पाच सप्लायर कागदावर लिहा. ज्याच्या नावापुढे पर्याय लिहिता येत नाही, तिथून सुरुवात करा.